नाकात स्नायू किती? सात, पाच की चार?

पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेची तयारी करणारे ज्युनिअर्स भेटले की एक प्रश्न हमखास येतो: "सगळं तर आधीच शोधून झालंय, आता आम्ही नवीन काय शोधायचं?" माझा विषय अ‍ॅनाटॉमी आहे हे कळलं की या प्रश्नाला आणखी धार येते. १५४३मध्ये व्हेसेलियसचा ग्रंथ आला, तेव्हापासून माणसाचं शरीर चिरून, काढून, रंगवून झालंय. त्यात आता काय उरलंय?

अशा वेळी मी उलटा प्रश्न विचारते. नाकाचे स्नायू किती, सांगा बरं. कुठलंही पुस्तक उघडून सांगितलं तरी चालेल. दोन जणांनी दोन वेगळी पुस्तकं उघडली तर बहुतेक वेळा दोन वेगळी उत्तरं येतात. आजच्या लेखात हे असं का होतं ते बघू. नाकाचे स्नायू अगदी छोटे आहेत, पण संशोधनाची तयारी करणाऱ्याला त्यातून एक फार मोठी गोष्ट शिकता येते: मोजण्याआधी 'एक' कशाला म्हणायचं ते ठरवावं लागतं.

आकडे कसे बदलले

'ग्रेज अ‍ॅनाटॉमी' हे नाव तुम्ही ऐकलंच असेल. हेन्री ग्रे यांचं हे पुस्तक १८५८मध्ये निघालं. त्यातली चित्रं हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांची. हेच कार्टर पुढे मुंबईला आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात अ‍ॅनाटॉमी शिकवू लागले आणि काही वर्षं साताऱ्यात सिव्हिल सर्जनही होते. म्हणजे जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध अ‍ॅनाटॉमीच्या पुस्तकाचा चित्रकार आपल्याकडे मास्तर होता.

या पुस्तकाच्या एकोणिसाव्या शतकातल्या आवृत्त्यांमध्ये नाकाच्या भागात सात स्नायूंची नावं येतात: पिरॅमिडॅलिस नेझाय, लिव्हेटर लॅबाय सुपिरिओरिस अलीक्वे नेझाय, डायलेटर नेरिस पुढचा, डायलेटर नेरिस मागचा, कॉम्प्रेसर नेझाय, कॉम्प्रेसर नेरियम मायनर आणि डिप्रेसर अली नेझाय. नावं पाठ करायची गरज नाही. यादी किती लांब आहे तेवढं लक्षात ठेवा.

आता १९१८ची अमेरिकन आवृत्ती उघडा. यादी पाचवर आली. पिरॅमिडॅलिसचं नाव प्रोसिरस झालं, कॉम्प्रेसर नेझायचं नेझॅलिस झालं, डिप्रेसर अलीचं डिप्रेसर सेप्टाय झालं. दोन्ही डायलेटर टिकले. कॉम्प्रेसर नेरियम मायनर यादीतून गेला. आणि ते लांबलचक नावाचं प्रकरण, लिव्हेटर लॅबाय वगैरे, ते वरच्या ओठाच्या एका मोठ्या स्नायूचं नुसतं एक 'डोकं' म्हणून ओठाच्या गटात नेऊन बसवलं.

पुढे १९९८मध्ये 'टर्मिनोलॉजिया अ‍ॅनाटॉमिका' ही आंतरराष्ट्रीय नामसूची आली. तिच्यात नाकाशी संबंधित नावं चारच: प्रोसिरस, नेझॅलिस, डिप्रेसर सेप्टाय आणि तो लांब नावाचा लिव्हेटर, जो पुन्हा स्वतंत्र स्नायू झाला. मागचा डायलेटर नेझॅलिसचा एक भाग म्हणून आत गेला. पुढच्या डायलेटरचं वेगळं नाव उरलंच नाही.

सात, पाच, चार. या दीडशे वर्षांत माणसाचं नाक बदललेलं नाही. कुणी चुकीचं मोजत होतं असंही नाही, कारण सगळे जवळपास त्याच तंतूंबद्दल बोलत होते. बदलली ती फक्त वाटणी. शेतजमीन तीच, पण सातबारे कधी सात झाले, कधी पाच, कधी चार.

आता आरशासमोर उभे राहा

ही नावं कागदावर कंटाळवाणी वाटतात. चेहऱ्यावर बघितली की लगेच ओळखीची होतात.

पहिल्यांदा दोन्ही भुवया आतल्या बाजूने खाली ओढा, ऊन डोळ्यावर आल्यावर करतो तसं. नाकाच्या मुळाशी, दोन भुवयांच्या मध्ये, एक आडवी घडी दिसेल. ती प्रोसिरसची. नाकाच्या हाडावरून निघून हा स्नायू भुवयांमधल्या त्वचेत जातो. तंतू उभे आणि घडी मात्र आडवी, हे लक्षात घ्या. चेहऱ्यावरची सुरकुती नेहमी स्नायूच्या तंतूंना काटकोनात पडते. व्हायवाला हा प्रश्न आवडीने विचारतात.

आता नाक मुरडा. ताटात नको ती भाजी आली की मुरडतो तसंच. नाकपुड्या वर जातात, वरचा ओठही थोडा उचलला जातो. हे काम त्या लांब नावाच्या लिव्हेटरचं. लॅटिन नावाचा अर्थ सरळ आहे: वरचा ओठ आणि नाकपुडी उचलणारा. वरच्या जबड्याच्या हाडाचा जो भाग नाकाच्या बाजूने वर डोळ्याकडे जातो, तिथून हा निघतो. खाली येताना त्याचे दोन पदर होतात, एक नाकपुडीत जातो आणि दुसरा ओठात. १९१८च्या पुस्तकाने त्याला ओठाच्या गटात का टाकलं आणि इतरांनी नाकाच्या गटात का ठेवलं, ते इथे कळतं. दोन घरांत पाय ठेवलेल्याचं रेशन कार्ड कुठलं धरायचं, असा तो पेच आहे.

मुरडतानाच नाकाच्या मधल्या भागावर, दोन्ही बाजूंना, तिरप्या बारीक रेघा दिसतील. त्यात नेझॅलिसच्या आडव्या भागाचा हात असतो. हा भाग वरच्या जबड्याच्या हाडावरून निघून नाकाच्या पाठीवर चढतो आणि एका पातळ पडद्यासारख्या पट्टीने पलीकडच्या जोडीदाराला मिळतो. तो नाक आवळतो.

आता नाक फेंदारा. नाकपुड्या बाहेरच्या बाजूला फुगतील. हे नेझॅलिसच्या खालच्या भागाचं, म्हणजे जुन्या पुस्तकांतल्या मागच्या डायलेटरचं काम, आणि जोडीला पुढचा डायलेटर. आता गंमत बघा. एकाच नेझॅलिस नावाखाली एक भाग नाक आवळतो आणि दुसरा उघडतो. काम उलटं असूनही स्नायू एकच का मानायचा? कारण उगमाची जागा शेजारीशेजारी आहे. आणि कामावरून ठरवायचं म्हटलं तर? तर दोन. इथेच मोजणी डगमगायला लागते.

शेवटी मोठ्ठं हसा आणि बाजूने नाकाचं टोक बघा. काही जणांचं टोक हसताना खाली झुकतं. मधल्या पडद्याला खाली ओढणारा डिप्रेसर सेप्टाय वरच्या पुढच्या दातांच्या वर, जबड्याच्या हाडावरून निघतो आणि पडद्याच्या खालच्या, हलणाऱ्या भागात शिरतो. सगळ्यांचं टोक झुकत नाही. घरातल्या चार जणांना हसवून बघा, फरक दिसेल. या फरकाकडे आपण थोड्या वेळाने परत येऊ.

नुसत्या हावभावांसाठी?

हे सगळं ऐकून वाटेल की हे स्नायू तोंड वेडंवाकडं करायलाच आहेत. पण त्यांचं मोठं काम श्वासाचं आहे.

नाकाचा वरचा साधारण एक तृतीयांश भाग हाडाचा, बाकीचा कूर्चेचा, म्हणजे लवचिक. शहाळ्यात कागदी स्ट्रॉ घालून जोरात ओढा. स्ट्रॉ जरा भिजलेली असेल तर भिंती आत दबून चपट्या होतात आणि पाणी वर येईनासं होतं. नाकाचंही तसंच. श्वास आत घेताना आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि मऊ भिंती आत ओढल्या जातात. नाकपुडीच्या थोडं आत, जिथे वाट सगळ्यात अरुंद असते, त्या जागेला नेझल व्हॉल्व्ह म्हणतात. वाट आधीच चिंचोळी असल्यामुळे तिथे भिंत जराशी जरी आत आली तरी हवेला होणारा अडथळा बराच वाढतो.

डायलेटर गटाचे स्नायू ही भिंत ताणून धरतात. इलेक्ट्रोमायोग्राफी, म्हणजे स्नायूतली विजेची हालचाल टिपणारी पद्धत, वापरून बघितलं तर दिसतं की हवा आत जायला लागण्याच्या किंचित आधी हे स्नायू कामाला लागलेले असतात. पाहुणे दारात येण्याआधी दार उघडून ठेवावं तसं. पळताना किंवा जिना चढताना त्यांचं काम वाढतं.

ते काम बंद पडलं तर काय होतं, हे चेहऱ्याच्या अर्धांगात दिसतं. नाकाच्या या सगळ्या स्नायूंना हुकूम देणारा मज्जातंतू एकच, फेशियल नर्व्ह. तो एका बाजूने बधिर झाला की सगळ्यांचं लक्ष वाकड्या झालेल्या ओठाकडे आणि न मिटणाऱ्या डोळ्याकडे जातं. पण अशा रुग्णाला त्या बाजूचं नाक बंद वाटू शकतं. सर्दी नसते, मांस वाढलेलं नसतं, पडदा सरळ असतो. भिंत धरून ठेवणारं कुणी नसतं, इतकंच. आणि लहान बाळाच्या नाकपुड्या प्रत्येक श्वासाला फुलत असतील तर बालरोगतज्ज्ञ ते धोक्याचं लक्षण मानतात. बाळ श्वासासाठी झगडतंय, हे ते इवलेसे स्नायू सांगत असतात. १९५६पासून वापरात असलेल्या सिल्व्हरमन–अँडरसन स्कोअरमध्ये नाकपुड्या फुलणं हा पाच मुद्द्यांपैकी एक मुद्दा आहे.

मग सीमा का दिसत नाही?

दंडाचा बायसेप्स मोजायला भांडण होत नाही. त्याच्याभोवती स्वतःचं आवरण असतं, दोन्ही टोकांना कंडरा असते, तो सुटा करून हातात धरता येतो. चेहऱ्याचे बहुतेक स्नायू असे नसतात. त्यांना वेगळं आवरण नसतं. एक टोक हाडाला आणि दुसरं थेट त्वचेत, किंवा शेजारच्या स्नायूत. तंतू एकमेकांत मिसळलेले, मध्ये चरबी. म्हणूनच शवविच्छेदनात नवखा विद्यार्थी चेहऱ्याची त्वचा सोलतो तेव्हा त्वचेबरोबर स्नायूही निघून येतात. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या देहात रंगही उडालेला असतो. पातळ स्नायू आणि चरबी यांत फरक करणं नुसत्या डोळ्यांना जड जातं.

याचं मूळ गर्भावस्थेत आहे. चेहऱ्याचे हावभावाचे सगळे स्नायू गर्भातल्या दुसऱ्या ग्रसनी-कमानीतून येतात. तिथल्या पेशी पसरत चेहऱ्यावर येतात, त्यांच्या पातळ चादरी बनतात आणि त्या चादरींचे पुढे वेगवेगळे स्नायू होतात. सगळ्यांना एकच मज्जातंतू का, याचंही उत्तर हेच. आता चादर फाटून तुकडे नीट सुटे झालेच नसतील, तर 'तुकडे किती' याचं उत्तर बघणारा कुठे रेघ मारतो यावर राहणार.

हत्तीच्या सोंडेत ४०,००० स्नायू असतात, हे तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. सोंड म्हणजे हत्तीचं नाक आणि वरचा ओठ. पण त्या आकड्यात मोजलेले असतात ते स्नायूंच्या तंतूंच्या जुड्या. माणसाच्या नाकाला हाच नियम लावला तर आपलीही चाराची यादी कितीतरी वाढेल. म्हणजे 'माणसाचे चार, हत्तीचे चाळीस हजार' ही तुलना पेंढ्या आणि काड्या एका तागडीत घालून केलेली आहे.

अवजार बदललं की उत्तर बदलतं

१८६२मध्ये ड्युशेन या फ्रेंच डॉक्टरने एक पुस्तक काढलं. चेहऱ्यावर विजेचे टोक लावून तो एकेक स्नायू आवळायचा आणि त्याचे फोटो काढायचा. त्या काळाच्या मानाने जबरदस्त काम. पण त्याची धारणा अशी की एका भावनेला एक स्नायू नेमून दिलेला आहे. या हिशोबात नेझॅलिसच्या आडव्या भागाच्या वाट्याला कामवासना आली! वीज लावल्यावर नाक आवळलं गेलं, हे त्याचं निरीक्षण होतं. त्याचा अर्थ वासना, हे त्याने वरून चिकटवलेलं लेबल होतं. फोटोत दोन्ही एकत्रच आले.

१९७८मध्ये पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीसन यांनी चेहऱ्याच्या हालचाली नोंदवण्याची पद्धत केली तेव्हा भावना बाजूला ठेवल्या आणि हालचालींना नुसते क्रमांक दिले. नाक मुरडणं ९, नाकपुड्या फुलवणं ३८, आवळणं ३९. आधी काय हललं ते लिहा, त्याचा अर्थ नंतर. निरीक्षण आणि अर्थ वेगळे ठेवणं म्हणजे काय, याचं यापेक्षा सोपं उदाहरण मला माहीत नाही.

आजही प्रत्येक पद्धत वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देते. स्काल्पेलने विच्छेदन केलं तर डोळ्याला काय वेगळं दिसतं ते कळतं. सूक्ष्मदर्शकाखाली पातळ काप बघितले तर तंतू नक्की कुठे जाऊन संपतात ते कळतं. इलेक्ट्रोमायोग्राफीने कधी काम चालू होतं ते कळतं, पण स्नायू इतके जवळ की शेजाऱ्याचा आवाजही त्यात येतो. चाळीतल्या भिंतीसारखं, रेडिओ नक्की कुणाचा वाजतोय ते सांगणं कठीण. त्यामुळे एका पद्धतीचे 'चार' आणि दुसऱ्या पद्धतीचे 'सहा' यांची थेट कुस्ती लावता येत नाही.

'नाही' म्हणजे नक्की काय?

आता हसताना झुकणाऱ्या टोकाकडे परत जाऊ. हा प्रश्न पुस्तकी नाही, कारण नाकाची शस्त्रक्रिया करताना डिप्रेसर सेप्टाय सोडवायचा की नाही हे सर्जनला ठरवावं लागतं.

२०००मध्ये रॉड रॉरिक आणि सहकाऱ्यांनी ५५ मृतदेहांवर हा स्नायू शोधला. त्यांना तीन प्रकार मिळाले. ६२ टक्क्यांत तो ओठाभोवतीच्या स्नायूत पूर्ण मिसळलेला होता. २२ टक्क्यांत तो हाडावरच्या आवरणाला चिकटलेला होता आणि ओठाच्या स्नायूत अपुराच मिसळलेला होता. उरलेल्या १६ टक्क्यांत तो दिसलाच नाही किंवा अगदी नावापुरता होता. म्हणजे जो स्नायू पुस्तकात प्रत्येकाच्या नाकात काढलेला असतो, तो साधारण सहा जणांत एकाच्या बाबतीत धड सापडत नाही. असा माणूस ऑपरेशन टेबलावर असेल तर जो स्नायू नाहीच तो कापून काय मिळणार? चित्रात आहे म्हणून शरीरात असेलच असं धरून चालत नाही. म्हणून आधी रुग्णाला हसायला लावून बघायचं.

पण संशोधक म्हणून तुम्ही एक पाऊल पुढे जा. टक्के बाजूला ठेवा आणि देह मोजा: ५५पैकी १६ टक्के म्हणजे ९ देह. या ९ देहांत 'दिसला नाही' याचा अर्थ काय? तंतू मुळातच नव्हते, की इतके विरळ होते की विच्छेदनात हाती लागले नाहीत? की शेजारच्या नेझॅलिसच्या तंतूंत मोजले गेले? जुनी काही पुस्तकं तर डिप्रेसर सेप्टायला शेजारच्या डायलेटरचाच भाग मानतात. त्या पुस्तकांच्या हिशोबाने या स्नायूचा अभाव हा प्रश्नच वेगळ्या रीतीने मांडावा लागेल. याने तो अभ्यास कमी दर्जाचा ठरत नाही. त्यांनी प्रकारांची व्याख्या आणि देहांची संख्या स्पष्ट सांगितली, म्हणूनच आपण हे प्रश्न विचारू शकतोय. व्याख्या न देता नुसतं '१६ टक्के लोकांत स्नायू नसतो' असं कुणी लिहिलं असतं तर भांडायलाही जागा उरली नसती.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

विषय अ‍ॅनाटॉमी नसला तरी हे तुम्हाला लागू आहे. बोलीभाषा किती, जाती-प्रजाती किती, शहरातल्या झोपडपट्ट्या किती, 'बेरोजगार' किती: मोजणीचा प्रश्न आला की रेघ कुठे मारायची हा प्रश्न आधी येतो. म्हणून सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा चार वाक्यं आधी लिहून काढा.

१. मी 'एक' कशाला म्हणणार आहे? उगमावरून, कामावरून की दिसण्यावरून?

२. माझं अवजार काय पाहू शकतं, आणि त्याच्या नजरेतून काय सुटतं?

३. माझे नमुने कोणाचे? देहदानातून आलेले देह बहुधा वयस्कर लोकांचे असतात. त्यावरून विशीतल्या नाकाबद्दल बोलताना जपून.

४. मी ज्यांच्या आकड्यांशी तुलना करणार, त्यांची व्याख्या माझ्यासारखीच आहे का? नाव तेच असणं पुरेसं नाही. डायलेटर नेरिस हे एकच नाव दोन पुस्तकांत दोन वेगळ्या तंतूंना असू शकतं.

ही चार वाक्यं लिहिताना जिथे पेन अडेल, तिथेच बऱ्याचदा तुमचा रिसर्च गॅप असतो. सगळं शोधून झालंय असं वाटतं, कारण पुस्तकात चित्र पूर्ण दिसतं. चित्रकाराला कुठेतरी रेघ मारावीच लागते. ती रेघ तिथेच का मारली, हे विचारायला बंदी नाही.

एक छोटा गृहपाठ देते. तुमच्या विषयातली तीन पाठ्यपुस्तकं घ्या, एक जुनं, एक मधलं, एक अलीकडचं. एकाच गोष्टीची यादी तिन्हीतून काढा आणि तक्ता करा. काय गळलं, काय आत आलं, कुणाचं नाव बदललं, कोण दुसऱ्या गटात गेलं. एका संध्याकाळचं काम आहे. गाइडसमोर पहिल्यांदा जाताना हा तक्ता बरोबर न्या. पहिल्या भेटीत बोलायला त्याहून चांगला मुद्दा शोधूनही सापडणार नाही.